वसाहतकालीन टपाल तिकिटे : संग्रह व लिलाव

यूरोपीय सत्तांनी आपापल्या वसाहतींत काढलेली टपाल तिकिटे, ती लावलेली पाकिटे व लखोटे आणि त्यांवर उमटलेले डाकघरांचे शिक्के यांचा पद्धतशीर संग्रह, अभ्यास व क्रयविक्रय. तिकिटांच्या संग्रहास व अभ्यासास ‘फिलाटेली’ हे नाव झॉर्झ एर्पँ या फ्रेंच संग्राहकाने १८६४ मध्ये सुचविले. केवळ तिकिटावर लक्ष न देता पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, किती दिवसांनी पोहोचले व त्यासाठी किती आकार पडला, यांचा शोध घेणाऱ्या शाखेस टपाल-इतिहास म्हणतात. ही संज्ञा रूढ करण्यात लंडनचा लिलावदार रॉब्सन लो याचा मोठा वाटा आहे. बाजारात तिकिटाची किंमत त्याच्या दुर्मिळतेवर ठरते. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल ते ज्या पत्रावर लागले त्या पत्राशी असलेल्या संबंधावर अवलंबून असते. ही दोन मूल्ये नेहमी एकत्र नांदतातच असे नाही आणि संग्राहकांनी काय जपले व काय गमावले, हे बऱ्याच अंशी या विसंगतीवरून ठरले आहे.

उगम : रोलंड हिल (१७९५–१८७९) याच्या योजनेनुसार मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये काळ्या रंगाचे एक पेनीचे तिकीट प्रचारात आले. पत्राचा आकार अंतरावर न ठरविता वजनावर ठरवावा व तो पाठविणाऱ्याने आगाऊ भरावा, ही त्यामागील मूळ कल्पना होती. वसाहतींत ती लवकरच पसरली. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर एप्रिल १८४७ मध्ये ‘लेडी मॅक्लाउड’ या आगबोटीच्या मालकाने पोर्ट ऑफ स्पेन व सॅन फर्नांडो यांच्या दरम्यानच्या पत्रांसाठी खाजगी तिकीट काढले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये हिंदी महासागरातील मॉरिशसमध्ये सरकारी तिकिटे निघाली. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील ब्रिटिश गियानाने १८५० मध्ये त्यांचे अनुकरण केले.

या सर्व उसाच्या मळ्यांच्या वसाहती होत्या. गुलामगिरी बंद झाल्यावर तेथे भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. मॉरिशसला गेलेल्यांत मराठी भाषकही होते व त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. अशा वसाहतींत लिहिणारे थोडे, पत्रे थोडी आणि तिकिटांच्या आवृत्त्याही लहान असत. इंग्लंडहून तिकिटे येण्यास उशीर झाला, की स्थानिक छापखान्यात हाताशी असलेल्या साहित्यावर काम भागवावे लागे. शिवाय दमट हवा, वाळवी व कसर यांमुळे कागद फार काळ टिकत नसे. लहान आवृत्ती, ओबडधोबड छपाई व नाशवंत कागद या तीन कारणांमुळे वसाहतींची आरंभीची तिकिटे पुढे अतिशय दुर्मिळ ठरली.

मुंबईचे पाकीट : मॉरिशसच्या पहिल्या तिकिटांचे ठसे जोझेफ ऑझ्मंड बार्नर्ड याने कोरले. एक पेनीचे नारिंगी व दोन पेन्सचे निळे अशी प्रत्येकी ५०० तिकिटे छापण्यात आली. त्यांच्या डाव्या कडेस ‘पोस्ट ऑफिस’ अशी अक्षरे होती. १८४८ च्या पुढील आवृत्तीत त्यांच्या जागी ‘पोस्ट पेड’ असे शब्द आले. पहिल्या आवृत्तीची केवळ सु. २७ तिकिटे आज ज्ञात आहेत.

जानेवारी १८५० मध्ये पोर्ट लुईहून मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणीसास एक पत्र आले. त्यावर एक पेनीची दोन तिकिटे लावलेली होती. त्या काळी ही बाब नित्याचीच होती व कोणी त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. सु. ४७ वर्षांनी, १८९७ मध्ये, हे पाकीट भारतातील एका बाजारात एका इंग्रजाच्या हाती लागले व त्याने ते सु. ५० पौंडांस घेतले, असे सांगितले जाते. पुढे ते इंग्लंड व अमेरिकेतील नामांकित संग्रहांतून फिरले आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ३,८०,००० डॉलरना विकले गेले. तत्कालीन विनिमय दराने ही रक्कम २८·५ लाख रुपये होते. टपालविषयक वस्तूस तोपर्यंत लिलावात एवढी किंमत आली नव्हती. संग्राहकांत हे पाकीट ‘बाँबे कव्हर’ या नावाने प्रसिद्ध आहे. हे नाव त्यास तिकिटांवरून मिळाले नाही; पाकिटावरील पत्त्यावरून मिळाले. पहिल्या आवृत्तीची एक पेनीची दोन तिकिटे एकत्र असलेले असे दुसरे पाकीट ज्ञात नाही. ती दोन तिकिटे कोणी सुटी करून घेतली असती, तर ती दुर्मिळ राहिलीच असती. परंतु मॉरिशस व मुंबई यांमधील दळणवळणाचा तो एक पुरावा नाहीसा झाला असता.

ब्रिटिश गियानाचे तिकीट : तिकिटाची किंमत केवळ दुर्मिळतेने किती वाढू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश गियानाचे १८५६ चे किरमिजी कागदावरील एक सेंटचे तिकीट. लंडनहून तिकिटे वेळेवर न आल्याने जॉर्जटाउनच्या स्थानिक छापखान्यात ते छापण्यात आले. छपाई साधी असल्याने बनावट तिकिटे होण्याची भीती होती. म्हणून विक्रीपूर्वी डाकघरातील कारकून तिकिटावर आपली आद्याक्षरे घालीत. १८७३ मध्ये व्हर्नन व्हॉन या बारा वर्षांच्या मुलास घरच्या जुन्या कागदांत हे तिकीट सापडले व त्याने ते काही शिलिंगांस विकून टाकले. १८७८ मध्ये ते फिलिप फेरारी (१८५०–१९१७) या पॅरिसमधील धनाढ्य संग्राहकाकडे गेले. फेरारीने आपला संग्रह बर्लिनच्या वस्तुसंग्रहालयास देण्याची इच्छा मृत्युपत्रात नमूद केली होती. परंतु पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने तो जप्त केला आणि १९२१ ते १९२५ या काळात त्याचे लिलाव केले. एप्रिल १९२२ मध्ये आर्थर हाइंड या अमेरिकन उद्योगपतीने हे तिकीट ३,००,००० फ्रँकना घेतले. १९७० मध्ये त्यास २,८०,००० डॉलर, १९८० मध्ये ९,३५,००० डॉलर व २०१४ मध्ये सु. ९४·८ लाख डॉलर किंमत आली. २०२१ मध्ये मात्र ते सु. ८३ लाख डॉलरना गेले. म्हणजे सात वर्षांत त्याची किंमत घटली. दुर्मिळ तिकिटांची किंमत सतत वाढतच जाते, हा समज यावरून निराधार ठरतो.

भारतातील तिकिटे : आशियातील पहिली तिकिटे १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता व बार्टल फ्रिअर (१८१५–८४) तेथील कमिशनर होता. त्यापूर्वी तो साताऱ्यास होता आणि पुढे (१८६२–६७) मुंबईचा गव्हर्नर झाला. ‘सिंध डाक’ म्हणून ओळखली जाणारी ही अर्ध्या आण्याची तिकिटे गोल असून त्यांवर ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी खूण होती. प्रथम लाखेच्या जातीच्या तांबड्या लेपावर ठसा उठवीत. पण तो ठिसूळ असल्याने हाताळताना तडकत असे. त्यानंतर पांढऱ्या कागदावर उठावाची तिकिटे काढली. ती अंधुक उजेडात नीट दिसत नसत. शेवटी निळ्या रंगाची तिकिटे आली. ऑक्टोबर १८५४ मध्ये अखिल भारतीय तिकिटे सुरू झाल्यावर ही तिकिटे रद्द झाली. तांबडे तिकीट अखंड स्थितीत क्वचितच मिळते.

त्यापूर्वी पत्राचा आकार अंतरावर ठरत असे. कलकत्ता ते मुंबई या अंतरासाठी तो एका तोळ्यास सु. एक रुपया होता. १८५४ च्या सतराव्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा आकार ठरला व तिकीट नसल्यास दुप्पट आकार घेतला जाऊ लागला. मराठीतील ‘नॉटपेड’ हा शब्द याच रीतीतून रुळला. अर्ध्या आण्याचे निळे, एक आण्याचे तांबडे व चार आण्यांचे दुरंगी तिकीट कॅप्टन हेन्री थुलियर याच्या देखरेखीखाली कलकत्त्यास शिळामुद्रणाने छापण्यात आले. दोन आण्यांचे हिरवे तिकीट कलकत्त्याच्या टाकसाळीत छापले गेले. चार आण्यांच्या तिकिटाची तांबडी चौकट व व्हिक्टोरिया राणीचे निळे मस्तक वेगवेगळे छापीत. त्यात काही कागद उलटे घातले गेल्याने मस्तक उलटे आले. हे ‘उलट्या मस्तकाचे’ तिकीट जगातील या जातीच्या सर्वांत जुन्या चुकांपैकी एक असून भारतीय तिकिटांत अत्यंत मोलाचे समजले जाते. यानंतर बराच काळ भारताची तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५-२६ मध्ये नासिक येथे सरकारी सुरक्षा मुद्रणालयात हे काम सुरू झाले.

गोव्यात पोर्तुगीजांनी १८७१ मध्ये तिकिटे काढली. ती तेथेच, हाताने व वारंवार बदललेल्या ठशांनी छापल्यामुळे एकाच किंमतीच्या तिकिटांत ठसा, कागद व कडेची भोके यांचे अनेक भेद आढळतात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ही मालिका खंडित झाली.

पाकिटे व शिक्के : तिकिटांच्या आधीचा टपाल-इतिहास लखोट्यांवरूनच कळतो. जुन्या काळी वेगळे पाकीट वापरीत नसत. पत्राचाच कागद घडी करून बाहेर पत्ता लिहीत व लाखेने बंद करीत. २० मार्च १८३० रोजी मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली व भारत-इंग्लंड यांमधील टपालाचा सुएझ मार्ग आगबोटींसाठी खुला झाला. ईजिप्तमधून जमिनीवरून पत्रे नेण्याची व्यवस्था टॉमस वॅगहॉर्न (१८००–५०) याने उभारली. त्याच्या नावाचा शिक्का असलेले लखोटे आज लिलावात मागणी असलेल्या वस्तूंपैकी आहेत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या पत्रास महिनोन्‌महिने लागत. हा बदल लखोट्यांवरील तारखांवरून स्पष्टपणे वाचता येतो.

१८५४ नंतर मुंबई इलाख्यातील डाकघरांना काही काळ क्रमांक दिलेले होते व तिकीट बाद करणाऱ्या शिक्क्यात तो क्रमांक असे. कोणता क्रमांक कोणत्या गावाचा, याची माहिती संशोधकांनी मुख्यतः संपूर्ण पाकिटांवरून जुळविली. कारण पाठीमागे गावाच्या नावाचा व तारखेचा दुसरा शिक्का असे. मुंबईचे जाल कूपर यांचे या क्षेत्रातील काम प्रसिद्ध आहे. सुट्या तिकिटावरील क्रमांक मुका असतो. पुण्याहून निघालेले आणि चाकण किंवा जुन्नरसारख्या बाजारपेठेच्या गावी पोचलेले पत्र अखंड मिळाले, तरच तो बोलू लागतो. एकोणिसाव्या शतकात मात्र संग्राहकांनी तिकिटे पाण्यात भिजवून काढण्याचा परिपाठ ठेवला आणि पाकिटे फेकून दिली. पुढील अभ्यासकांना जी पोकळी जाणवते, ती बऱ्याच अंशी या परिपाठाची निष्पत्ती होय.

या बाबतीत महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाशी तुलना उद्बोधक ठरते. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी घरोघर हिंडून जुनी दप्तरे मिळविली. पुण्यातील पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर ४५ खंड निघाले. त्यांचे लक्ष पत्रातील मजकुराकडे होते. पत्र कोणत्या जासुदाने आणले, थैली कोठे बदलली व ते किती दिवसांनी पोहोचले, हे अनुषंगाने येई. तिकिटांच्या संग्राहकाचे लक्ष नेमके उलट, म्हणजे बाहेरच्या अंगाकडे राहिले. मजकूर व लखोटा या एकाच पुराव्याच्या दोन बाजू आहेत. त्या वेगळ्या झाल्या, की दोघांचेही ज्ञान अपुरे राहते.

लिलाव : केवळ तिकिटांचा पहिला लिलाव डिसेंबर १८६५ मध्ये पॅरिस येथे व इंग्लंडमधील पहिला मार्च १८७२ मध्ये लंडन येथे झाला. लिलावदार प्रथम वस्तूंचे गट पाडून छायाचित्रांसह सूची प्रसिद्ध करतो. प्रत्येक गटाची अंदाजी किंमत तीत दिलेली असते. विकणारा राखीव किंमत ठरवून देऊ शकतो. बोली तेथपर्यंत न गेल्यास वस्तू परत जाते. लांबचे संग्राहक पत्राने किंवा दलालामार्फत बोली पाठवितात. हल्ली संगणकाद्वारेही बोली लावतात. हातोडा पडल्यानंतर विकणाऱ्याकडून अडत व घेणाऱ्याकडून अधिभार घेतला जातो. २०१४ मध्ये ब्रिटिश गियानाच्या तिकिटावर शेवटची बोली ७९ लाख डॉलरची होती. जाहीर झालेली ९४·८ लाखांची किंमत अधिभार धरून होती. वृत्तपत्रांतील आकड्यांवरून विकणाऱ्याच्या हाती पडलेल्या रकमेचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच.

सूचीत वस्तूचा ‘वंश’, म्हणजे ती पूर्वी कोणाकोणाच्या संग्रहात होती, आवर्जून दिलेला असतो. तो किंमत वाढवितो, त्याचप्रमाणे खरेपणाची काही अंशी हमीही देतो. बाजारात नकली वस्तू पुष्कळ आहेत. सिंध डाकच्या बनावट प्रती जुन्या काळापासून फिरत आहेत. १८५४ च्या तिकिटांची सरकारी पुनर्मुद्रणे पुढे निघाली, ती कधी कधी मूळ म्हणून खपविली जातात. कडा जोडणे, पातळ झालेला कागद पाठीमागून भरणे, डिंक नव्याने लावणे, खऱ्या पाकिटावर दुसरेच तिकीट चिकटविणे हे प्रकारही आढळतात. जलचिन्ह, कागदाची वीण, रंग व शिक्क्याची शाई भिंगाखाली व अतिनील प्रकाशात तपासून मान्यताप्राप्त तज्ञमंडळे प्रमाणपत्र देतात. त्याशिवाय मोठी खरेदी सहसा होत नाही.

भारतातील स्थिती : फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १८९७ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली, सी. स्ट्यूअर्ट-विल्सन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. मुंबई हे आरंभापासून तिकिटांच्या व्यापाराचे मोठे केंद्र राहिले. पेढ्यांची जुनी पत्रे तारेत ओवून वर्षानुवर्षे ठेवली जात व पेढी बंद झाल्यावर ती रद्दीत जात. अशा रद्दीतून अनेक मौल्यवान पाकिटे बाहेर आली. व्यापारी नसता, तर ती लगद्याच्या कारखान्यात गेली असती, हे मान्य केले पाहिजे. मात्र एकाच पेढीची किंवा घराण्याची पत्रे एकत्र सापडली असता ती सुटी करून विकणे अधिक फायद्याचे ठरते. शंभर पत्रांच्या एका गठ्ठ्यावरून व्यापाराचे मार्ग, हुंड्यांचे दर व टपालाची गती यांविषयी जे कळू शकते, ते शंभर संग्रहांत विखुरलेल्या शंभर पाकिटांवरून कळत नाही.

पुराणवस्तू व कलानिधी कायदा, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा सौंदर्यात्मक मूल्याचे दस्तऐवज खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. हा कायदा एप्रिल १९७६ मध्ये अंमलात आला. त्यामुळे जुन्या पत्रांच्या निर्यातीवर बंधन आले. तथापि देशातल्या देशात गठ्ठा फोडण्यास त्याने प्रतिबंध होत नाही. हा प्रश्न कायद्यापेक्षा संग्राहकाच्या व लिलावदाराच्या विवेकाचा आहे. गठ्ठा फोडण्यापूर्वी त्याची संपूर्ण यादी व छायाचित्रे करून एखाद्या अभिलेखागारात ठेवणे, पत्राचा मजकूर पाकिटापासून अलग न करणे आणि शिक्के व तारखा नोंदविणे, एवढे पाळले तरी पुष्कळ माहिती वाचू शकते. मुंबईस आलेल्या १८५० च्या त्या पाकिटाची गोष्ट आज सांगता येते, कारण त्यावरील तिकिटे कोणी सोडवून घेतली नाहीत.